साडेसहाची गाडी आणि शालनअक्का

शालनअक्का माझ्या दुकानात सात-आठ वर्षं येत होत्या, पण त्यांना खुर्चीवर बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मिरजगावात हायवेला लागून माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आहेत, पंखा आहे, हाक मारली की समोरून चहा येतो. अक्का आत यायच्या, शटरच्या कडेचा लोखंडी पाइप एका हाताने धरायच्या आणि पाय जरा फाकवून उभ्या राहायच्या. चहासुद्धा उभ्यानेच. मी म्हणायचो, "अक्का, दुकान काही हलत नाही, बसा की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बसलं की डोळा लागतो, आन डोळा लागला की ष्टाप जातो." आणि लगेच पुढचं, "चल, पुढं सरक. काय छापलंस त्ये दाव."

वीसेक वर्षं एसटीच्या लाल गाडीत कंडक्टर होत्या त्या. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि अक्का आमच्या माळवाडीतच राहिल्या. मीही मूळचा माळवाडीचा. कॉलेजात असताना एकदा पास घरी विसरलो आणि शहाणपणा करून म्हणालो, "दाखवला की मघाशी." अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दावलास व्हय? बरं झालं. मग उद्या दोनदा दाव." पोरी अशा हसल्या की मी आठवडाभर मान खाली घालून चढत होतो. दुसऱ्या दिवशी पास खरंच दोनदा दाखवावा लागला, हे आणखी वेगळं.

पुढे ती गाडी बंद झाली. माळवाडीहून सकाळी साडेसहाला निघून मिरजगावला यायची ती. उत्पन्न निघत नाही म्हणून एका संध्याकाळी आगारात कागद आला आणि फेरी रद्द. अक्कांना पत्ता नव्हता. त्याच संध्याकाळी परतीच्या फेरीत त्यांनी पोरींना सांगितलं होतं, "उद्या टायमात या गं, मी हाय." रात्री त्यांना आगारातच थांबवलं आणि सकाळी दुसऱ्याच मार्गावर पाठवलं. पोरी नऊ वाजेपर्यंत फाट्यावर उभ्या होत्या. अकरावी-बारावीच्या पोरी, नऊ किलोमीटरवर कॉलेज. कुणाचा भाऊ मोटारसायकलवर सोडायला लागला, कुणी चुलत्याच्या दुधाच्या टेम्पोत बसायला लागली, आणि बऱ्याचजणी घरीच राहिल्या. त्यातल्या एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. अक्का त्या लग्नाला गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं जाऊ? मी म्हनले हुते, उद्या मी हाय." त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, हे मी त्यांना पन्नास वेळा सांगितलं. पण त्या बाईच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते उठायचं नाही.

निवृत्त झाल्यावर अक्का पंचायत समितीला अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं कपबशी. बाकीचे उमेदवार रस्ते, पाणी, सभागृह, व्यायामशाळा, सगळं आणणार होते. अक्कांचं भाषण सगळं मिळून दोन मिनिटांचं. "मला निवडून द्या, मी गाडी आनते. दुसरं काय आनायचं त्ये मला जमत न्हाई." मी कपाळाला हात लावायचो. म्हणायचो, "अक्का, निदान स्मशानभूमीचं शेड तरी म्हणा." तर म्हणायच्या, "मेलेल्यास्नी कसली घाई? पोरींचं बघ."

आता माझं सांगतो. मला राजकारणाचा किडा आहे, खोटं कशाला बोलू. अक्कांचा सगळा प्रचार मी चालवला. मतदार यादीवर घर न् घर खुणा केल्या. हिरवं ते आपलं, लाल ते त्यांचं. ऊसतोडीला जाणारी घरं पेन्सिलीने सरळ काट मारून बाजूला, कारण मतदानाला ती माणसं कारखान्याच्या तळावर असणार. ती यादी म्हणजे माझा जीव होती. आम्ही पडलो, पण थोडक्यात पडलो. निकालादिवशी रात्रीच मी पुढच्या वेळेचं गणित मांडून ठेवलं. एवढी लाल घरं फोडली की झालं.

दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात आल्या, पाइप धरून उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते.

"संजय, निवडनूक संपली. गाडी आली का?"

"निवडून आलोच नाही तर गाडी कुठून येणार?"

"पन मानसं जमलीत की. चाळीस-पन्नास जनं राबली. त्यांना आता घरी जा म्हनायचं? पाच वर्सांनी या म्हनायचं? तवर पोरींची पोरं शाळंत जातील रे."

आणि मग म्हणाल्या, प्रचारात राबलेल्या या माणसांची संस्था करू, रीतसर नोंदवू, एकच काम धरू. मी म्हणालो करू की, नाव ठेवू शालनअक्का प्रतिष्ठान. पुढच्या वेळी ते नाव कामाला आलं असतं. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पास विसरलो तेव्हा पाहिलं होतं. "माझं नाव गाडीवर लिहायचं हाय का तुला?" शेवटी नाव ठरलं माळवाडी प्रवासी संस्था. नगरला धर्मादाय कार्यालयात आम्ही चार खेपा घातल्या. वकिलाने घटनेत कलम घातलं, की संस्था निवडणूक लढवणार नाही आणि कुणाचा प्रचार करणार नाही. सही करताना माझा हात जड झाला होता. अक्का मात्र बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारत होत्या, "झालं का? चला, पुढं सरका."

उरलेले फ्लेक्स वाया जाऊ नयेत म्हणून मी कपबशी कापून काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर "गाडी सुरू करा" असं रंगवलं. फाट्यावर एक, ग्रामपंचायतीसमोर एक. अक्का सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. एक दिवस आगारात, एक दिवस कॉलेजात. घरात भाकरी तव्यावर ठेवून बाई बाहेर पडलेली मी पाहिली आहे. शेजारणीने उलटली म्हणून निभावलं.

आगारातले साहेब एकदाचे वैतागून म्हणाले, "तीस मुलींचे पास निघतील अशी यादी आणा, मग मी वर पाठवतो." आम्ही कार्यकर्ते पाठवले, चार दिवसांत यादी आली. चौदा नावं. साहेबांनी कागद परत केला.

बाहेर आल्यावर अक्का थांबल्या. "चौदाच? माळवाडीत चौदाच पोरी हायेत व्हय रे?" मी म्हणालो, आम्ही घरोघर फिरलो. "कुठल्या घरोघर?" म्हणाल्या आणि माझ्या हातातली यादी ओढून घेतली. माझी तीच, प्रचाराची. पोरं सवयीने हिरव्या घरांत गेली होती. लाल घरांच्या पायऱ्या कुणी चढलंच नव्हतं. आणि पेन्सिलीने काटलेल्या घरांत तर नाहीच. खरं तर आई-बाप उसाला गेल्यावर आज्यांजवळ राहणाऱ्या पोरींना गाडीची सगळ्यात जास्त गरज होती. पण ती घरं मीच काटली होती.

भर रस्त्यात अक्का मला जे बोलल्या, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "वीस वर्सं तिकिटं फाडली मी. कुना एकाला इचारलं का रं, तू मत कुनाला दिलंस? दुसऱ्याला दिलं म्हनला आसता तर खाली उतरवला आसता का?" मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे न बघता मोटारसायकलला किक मारत राहिलो. चावी लावलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या भानुदासतात्यांच्या घरी गेल्या. तात्या म्हणजे माझ्या यादीतलं सगळ्यात लाल घर. ज्यांनी आम्हाला पाडलं, त्या सदस्यांचा माळवाडीतला उजवा हात. तात्या हलले की निम्मं गाव हलतं. त्यांची नात अकरावीत नाव घालून घरी बसली होती. तात्यांनी चहा दिला आणि सरळ विषयाला हात घातला.

"अक्का, संस्था-बिस्था समदं ठीक हाय. पन ही पुढच्या इलेक्शनची पेरनी हाय, आमाला कळतं. आज पोरींची नावं घ्यायला येशील, उद्या मतं मागायला."

"मग काय करू म्हंता?"

"ग्रामसभेत समद्यांम्होरं सांग, परत उभी ऱ्हानार न्हाई. कुठल्याच निवडनुकीला न्हाई. मग माझ्या नातीचं नाव पयलं लिही, बाकीची घरं मी सांगतो."

मी ताडकन उठलो. हा काय सौदा झाला? अक्कांनी मला हाताने खाली बसवलं आणि तात्यांना म्हणाल्या, "इचार करून सांगते."

येताना त्या मोटारसायकलवर माझ्या मागे बसल्या. मग विचारलं, "संजय, पुढच्या टायमाला आपन आलो आसतो का रं?"

"आलो असतो. लिहून देतो."

"मला लई हौस हुती," अक्का म्हणाल्या. "त्या हापिसात एकदा खुर्चीवर बसायचं हुतं. आन त्या सायबाला म्होरं उभा करून इचारायचं हुतं, गाडी का बंद केली?" माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

ग्रामसभेत त्यांनी तीन वाक्यांत सांगून टाकलं. मी परत उभी राहणार नाही. माझ्या नावाने कुणी मत मागितलं तर देऊ नका. आता पोरींची नावं सांगा. मी मधूनच उठून निघून आलो. दोन वर्षांचं गणित, माझी रात्र-रात्र जागून केलेली यादी, सगळं त्या बाईने मातीत घातलं, असंच मला वाटलं. आठ दिवस मी फोन उचलला नाही. नवव्या दिवशी अक्का दुकानात हजर. पाइप धरून उभ्या, हातात एक्केचाळीस नावं. पहिलं नाव तात्यांच्या नातीचं, आणि काटलेल्या घरांतल्या अकरा पोरी. "रुसून झालं आसंल तर टाईप कर," म्हणाल्या. "आन ती रंगीत यादी आता चुलीत घाल. नवी काढ, बिनरंगाची." मी टाईप केली.

दोन महिन्यांनी गाडी मंजूर झाली. त्याच दुपारी सदस्यांचा माणूस माझ्याच दुकानात ऑर्डर घेऊन आला. दहा बाय पंधराचा फ्लेक्स. वर सदस्यांचा मोठा फोटो आणि खाली "अथक प्रयत्नांना यश". मी म्हणालो, मशीन बंद आहे. मशीन मागे धडधडत होतं. तेवढ्यात अक्का आल्या आणि मजकूर वाचून म्हणाल्या, "छाप."

"अक्का, अहो, यांनी काडी तरी हलवली का?"

"एखादा फुकट बसला म्हनून गाडी कुठं थांबती? छाप तू. फकस्त खाली टाइम टाक. सकाळी साडेसहा. त्येच्या फोटोपरीस मोठा."

मी छापला. टाइम खरोखर फोटोपेक्षा मोठा टाकला आणि त्या माणसाच्या लक्षातही आलं नाही. आजवर छापलेल्या हजारो फ्लेक्समध्ये तेवढा एक मला पाठ आहे.

गाडी सुरू झाली म्हणजे अक्का थंड होतील, असं वाटलं होतं. कुठलं काय! रोज सकाळी माळवाडीच्या फाट्यावर त्या पोरींबरोबर उभ्या. गाडी सुटली की पाच मिनिटांत मला फोन. "निगाली. तिकडं आली की सांग." आणि सात वाजून पाच मिनिटांनी परत, "आली का?" मी दात घासत असायचो, बायको हसायची. मी चिडायचो, "अक्का, रस्त्यात गाडी खाली पडते काय?" तर म्हणायच्या, "एकदा पडली हुती."

गेल्या थंडीत छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना नगरला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर पलंगाचा दांडा धरून उभ्या, नर्स त्यांना झोपवायला बघतेय. मला पाहून पहिला प्रश्न, "आज आली का?" आली म्हणालो. तेव्हा कुठे आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. माझ्याकडे त्यांचा एकच फोटो होता, प्रचारातला, हात जोडलेला, कोपऱ्यात कपबशी. कपबशी पुसताना मला रडू आवरेना. मशीनवरचा पोरगा घाबरून पाणी घेऊन आला. खाली नावं टाकायला लोक येत होते, आणि कोण हिरवं, कोण लाल, हे मला आठवत असूनही सांगावंसं वाटेना. दशक्रियेची वेळ टाकली आणि तिच्याखाली गाडीचीही टाकली.

दशक्रियेनंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी दुकान उघडून खुर्चीवर बसलो होतो. सात वाजत आले होते. मी उगाच रस्त्याकडे बघत होतो. फोन वाजला. भानुदासतात्या.

"संजय, फाट्यावरनं बोलतोय. गाडी आली न्हाई रं. पोरी उभ्या हायेत. आगारात कुनी फोन उचलंना. अक्का आसती तर..." मग म्हणाले, "पोरींना काय सांगू? उद्या येईल म्हनू का?"

मी उठून उभा राहिलो. हात आपोआप शटरच्या पाइपला गेला.

"नाही तात्या, उद्या म्हणू नका," मी म्हणालो. "त्यांना तिथेच थांबवा. मी आगारात निघालो."