पहिल्या सर्व्हिसपर्यंत

मुलानं नवी मोटारसायकल अंगणात उभी केली आणि तापलेल्या सायलेन्सरच्या कोऱ्या रंगाचा वास आला. त्या वासासरशी मी जानेफळच्या आमच्या शेतात जाऊन पोचलो.

चाळिशीत हौसेनं घेतलेली माझी ती उंच, खाचखळग्यांत चालणारी गाडी. पहिल्या सर्व्हिसपर्यंत जोरात पळवायची नव्हती, म्हणून शेताकडच्या कच्च्या पांदणीतून हळूहळू आलो. ढेकळांवरून ती इतकी अलगद जायची की अंगात नुसती मस्ती भरली होती. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांसमोर मी वडिलांना म्हणालो, "आबा, बसा. घरी सोडतो."

आबांनी सीटवर हात ठेवला, पाय उचलला आणि परत खाली टेकवला. मग म्हणाले, "नवी गाडी हाय. इंजिनवर आताच दोघायचं वजन नको."

"हाव, खरं हाय," म्हणत मी निघालो. आरशात आबा माझ्या धुळीतून पायी येताना दिसत होते. सर्व्हिस झाली, तरी ते कधीच बसले नाहीत. का, ते मी विचारलंही नाही.

"बाबा, बसा, चक्कर मारू," मुलगा म्हणाला. माझा गुडघा सीटपर्यंत गेलाच नाही.

"सर्व्हिस होऊ दे आधी," मी म्हणालो.

"हाव," म्हणून तो निघून गेला. त्याला काय दोष द्यायचा? मीही असाच गेलो होतो, आबांचा परत टेकलेला पाय बघूनही काही न समजता.