लोखंडी लांडग्यावर उचललेला भंडारा

माझ्या सासूबाई एका जागी बसत नाहीत. बसतच नाहीत बाई! मी शिलाई मशीनवर बसलेली असते आणि ह्या माझ्यासमोरून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून परत दारापर्यंत. कळंबमधलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात फिरून फिरून माणूस फिरणार तरी किती? "आत्या, जरा टेका की," म्हटलं तर म्हणतात, "टेकलेच व्हते की गं आत्ता." कधी? भिंतीला पाठ लागली न लागली की परत उभ्या.

नाव सखूबाई. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. पावसाळ्यात भूमकडचा माळ, ऊस तुटायला लागला की ढोकीकडची मोकळी रानं. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतो, चार दिवस इथं, चार दिवस तिथं. जिथं मुक्काम पडेल तो वाडा. तसल्या वाड्यावर त्यांना दोन पोरं झाली. थोरले म्हणजे आमचे हे, कुमार. शिकले, शाळेत क्लार्क झाले. धाकटे मल्हार भावजी अजून मेंढरांमागंच आहेत.

आत्याही तिथंच असत्या. पण एका पहाटे भूमच्या माळावर लांडगा जाळी वाकवून आत शिरला. भावजी उठायच्या आधी ह्या काठी घेऊन धावल्या, दगडावरून घसरल्या आणि खुबा मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, आत सळई घातली आणि ह्यांनी आईला कळंबला आणून ठेवलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "कुमार, मला वाड्यावर सोड." आणि ह्यांचं एकच उत्तर, "परत पडलीस तर?"

आता माझं ऐका. मला त्या इथंच पाहिजे होत्या. एक तर परत पडल्या तर निस्तरायला मी. दुसरं, लोक काय म्हणणार? सुनेनं म्हातारीला मेंढराकडं हाकलली! आणि तिसरं, खरं सांगायचं तर मला त्यांची लई सवय झाली होती. दिवसभर मशीनची खडखड ऐकायची, त्यात कुणीतरी बोलायला असलं म्हणजे बरं वाटतं.

त्या बसाव्यात म्हणून समृद्धीनं, माझ्या लेकीनं, माझ्या जुन्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला. एक हेल्मेट घातलेली पोरगी पळते, ह्या फळीवरून त्या फळीवर उड्या मारते, मधल्या खड्ड्यात पडली की मेली. मला वाटलं, आत्या दोन मिनिटांत फेकून देतील. पण त्या पोरीच्या मागं चार कोकरं पळतात! कोकरं दिसल्यावर आत्यांनी मोबाइल हातात घट्ट धरला. आणि थोडं पुढं गेल्यावर एका भिंतीआडून तो आला. लांडगा. पत्र्याचा, पायांच्या जागी चाकं, लाल दिवे लावलेले डोळे.

"हाऽऽड! हाऽऽड!" आत्या एवढ्या जोरात ओरडल्या, की माझी सुई सरळ जाऊन गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या बाहीत घुसली.

तेव्हापासून घराची शांतता गेली ती गेलीच. आत्यांचे पाय थांबले नाहीतच, वर अंगठेही चालू झाले. चालता चालता खेळायच्या. मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळायच्या. माझा जीव टांगणीला! खेळायच्या तेही कसं? पुढं पळायचं सोडून मागं फिरायच्या. मेंढपाळ कळपाच्या मागं चालतो, पुढं नाही, म्हणून ह्या कोकरांना पुढं घालायला बघायच्या. गेममध्ये कोकरं मागंच राहतात. ह्या मागं वळल्या की लांडगा झडप घालायचा आणि पोरगी खल्लास. परत सुरू. परत खल्लास.

"आई, कोकरं फक्त गुण मिळवायला असतात. सोडून द्यायची अन् भाग संपायच्या दारातनं उडी मारायची," ह्यांनी समजावलं.

"सोडून द्यायची म्हनं! कुनाच्या पोटचा बोलतोस रं तू?"

तरी कसंबसं त्यांनी पहिल्या भागातल्या लांडग्याला हाणलं. तो खिळखिळा झाला, नटबोल्ट चहूकडं उडाले. आत्यांनी समृद्धीला साखर दिली. दुसरा भाग उघडला तर हाच लांडगा परत हजर, ह्या खेपेला स्प्रिंगच्या पायांवर. आत्या थक्क! "ह्यो मेला न्हवता व्हय? कोन जोडतंय ह्याला?" तिसऱ्या भागात पाठीवर पंखा लावून उडत आला. चौथ्यात जमिनीखालून निघाला. दरवेळी मोडायचा आणि दरवेळी नवीन सोंग घेऊन उभा राहायचा. मला त्या पत्र्याच्या मुडद्याचा इतका संताप आला होता, की मोबाइल पाण्याच्या बादलीत बुडवावा वाटायचं. आत्या मात्र म्हणायच्या, "खरा बी असाच असतोय. एक हाकलला म्हनून काय जलमाचा सुटला न्हाय."

एक दिवस जेवताना त्यांनी परत तेच काढलं. "मला वाड्यावर सोड." हे शाळेतून वैतागून आले होते. भाकरी मोडत म्हणाले, "शेवटच्या भागातला लांडगा हरव. मी स्वतः सोडतो तुला."

"भंडारा उचल."

"आता काय आई..."

"उचल म्हनते ना!"

आमच्यात देवापुढची हळद उचलून शब्द दिला की तो शब्द संपला, त्यात बदल नाही. जमिनीची भांडणं, सोयरिकी, सगळं भंडाऱ्यावर मिटतं. पण आमचे हे हसत उठले. उष्ट्या हातानं नको म्हणून हात धुऊन आले, खंडोबापुढचा भंडारा चिमटीत घेतला, "हरवलास तर सोडतो," म्हणाले आणि कपाळाला लावला. मोबाइलवरच्या पत्र्याच्या लांडग्यापायी! मी म्हटलं, "अहो, काय करून बसलात?" तर म्हणाले, "तिला जमतंय होय? कोकरं सोडायची नाही ती कधी."

बरोबरच होतं त्यांचं. आत्यांना जमत नव्हतं. शेवटच्या भागातला लांडगा लई बेकार, मध्येच दोन तुकडे व्हायचा आणि दोन्ही बाजूंनी यायचा. बाहेर पडायचं दार हळूहळू खाली सरकत असायचं. चारी कोकरं वाचवत बसलं की दार बंद. आत्या रोज हरायच्या. मला वाईटही वाटायचं आणि मनातून सुटल्यासारखंही वाटायचं. घरात एकीनं येरझाऱ्या घालायच्या आणि दुसरीनं नुसतं ऐकत बसायचं. कुठलंच ब्लाऊज धड शिवून होईना.

मग ती दुपार आली. मी काज करत होते. आत्या मधल्या दारात उभ्या राहून खेळत होत्या. ओरडण्याचा आवाज येईना म्हणून मान वर केली. तीन कोकरं पोरीच्या मागं होती. चौथं खालच्या फळीवर अडकलं होतं, लांडग्याचा एक तुकडा त्याच्याकडं निघाला होता आणि दार अर्ध्यावर आलं होतं. मला माहीत होतं, आता त्या मागं वळणार.

त्या वळल्या नाहीत. अंगठा पुढं दाबला. पोरगी दारातनं पलीकडं गेली, दार धाडकन पडलं, लांडगा दारावर आपटून फुटला आणि मोबाइल आनंदानं वाजायला लागला. आत्यांनी पडद्याकडं बघितलंही नाही. मोबाइल पालथा करून माझ्या मशीनवर ठेवला.

"झालं. कवा निघायचं?"

ह्या बाईनं सळई घालून घेतली होती, पण कोकरू सोडलं नव्हतं. आणि आज सोडलं. मला तोपर्यंत वाटत होतं, म्हातारपणाचा हट्ट आहे, होईल कमी. तो हट्ट नव्हता. इथं त्यांचा जीव गुदमरत होता आणि मी शेजारी बसून बाह्या जोडत होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर काय म्हणावं ह्या माणसानं? "अगं आई, खेळातलं बोलणं होतं ते!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलणं खेळातलं असेल, भंडारा कुठला होता? देव्हाऱ्यातलाच ना?"

"तू मध्ये पडू नको दैवशाला. पडली बिडली तर..."

"तर मी निस्तरीन! आजवर कोण निस्तरत आलंय?"

ह्यांनी ताट सरकवलं. सकाळी हे शाळेत गेले आणि मी मशीनवर कापड झाकून आत्यांचं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, गोळ्यांचं पाकीट, घोंगडं. मल्हार भावजींचा वाडा तेव्हा ढोकीजवळ ऊस तुटलेल्या रानात होता. सपाट रान, दगड नाहीत, एवढंच काय ते मनाला समाधान. एसटीत आत्या खिडकीशी बसल्या. सारख्या उठून बघायच्या, आलं का, आलं का? कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा, पळून नाही जात ढोकी."

फाट्यावर भावजी मोटारसायकल घेऊन आले होते. तिघं दाटीवाटीनं वाड्यावर गेलो. जाऊबाई सिताबाईंनी चहा ठेवला. आत्यांनी चहा उभ्यानंच पिला, मेंढरं उठली तशी काठी घेतली आणि मला म्हणाल्या, "जा बाई आता. पोर शाळेतनं यील."

"गोळ्या वेळेवर घ्या आत्या. दगडाधोंड्यात शिरू नका."

"व्हय व्हय."

आणि निघाल्या. जरा लंगडत, मेंढरांच्या मागं. एक कोकरू रेंगाळलं तर वाकून उचललं, काखेत घेतलं. मी बघत उभी राहिले. वाटलं, ह्या बांधापर्यंत गेल्या की वळतील. बांध ओलांडला, मग वाटलं, त्या पलीकडच्या बाभळीपाशी तरी वळतील. एवढी वर्षं केलं मी, एकदा मागं बघायला काय झालं होतं? मला रागच आला. राग आला आणि डोळ्यात पाणीही आलं.

"वहिनी, निघायचं का?" भावजींनी गाडीला किक मारली. "एसटी चुकंल."

"थांबा की जरा," मी म्हणाले. भावजींनी गाडी बंद केली. मेंढरं उसाच्या फडाआड गेली, त्यांच्या मागून आत्याही गेल्या, आणि त्यांनी मागं वळून बघितलं नाही.