आबांना ज्वारी चालत नाही

माझ्या सासऱ्यांना ज्वारी चालत नाही असं मला एका मशीनने सांगितलं, आणि मी ते ऐकलं.

परभणी जिल्ह्यात राहून हे लिहिताना आजही कान गरम होतात. इथे रांगतं लेकरू भाकरीचा पापुद्रा चोखत मोठं होतं. बरं, मी अडाणी असते तर एक वेळ लोकांनी सोडून दिलं असतं. पण मी बी.एस्सी. झालेली, पूर्णेत दहावीच्या शिकवण्या घेणारी, फळ्यावर लाटा काढून ‘वारंवारता म्हणजे काय’ ते समजावणारी! (त्या मुलांच्या आईबापांनी हे वाचू नये, एवढीच विनंती.)

झालं असं की आबा, म्हणजे माझे सासरे, गुडघ्यांनी बेजार झाले होते. ते चुडाव्याला थोरल्या जाऊबाईंकडे राहायचे. चुडावा आमच्या पूर्णेपासून पॅसेंजरने अगदी जवळ. उपचार करायचे म्हणून मीच हट्ट करून त्यांना आमच्याकडे आणलं. जाऊबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आबांची पिशवी भरता भरता आक्का शांतपणे म्हणाल्या, “ने बाई. पण दिवाळीच्या आत माघारी येतेत बघ.”

झालं! ते माझ्या जिव्हारी लागलं. आबांना इतकं सुखात ठेवायचं की त्यांनी चुडाव्याचं नाव काढता कामा नये, असा मी पणच केला. आबा माघारी गेले तर धाकटी सून नापास, एवढं साधं गणित होतं.

त्याच सुमाराला गावातल्या मंगल कार्यालयात एक मॅडम फ्रिक्वेन्सीचं मशीन घेऊन आल्या. प्रत्येक अवयवाची एक फ्रिक्वेन्सी असते, प्रत्येक अन्नाची एक असते, आणि दोन्ही जुळल्या नाहीत की गुडघे धरतात, असं त्यांनी समजावलं. माझी बी.एस्सी. त्या वेळी कुठे चरायला गेली होती देव जाणे. ‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी मान डोलवत पहिल्या रांगेत बसले आणि मॅडमना दोन सूत्रंही सांगून आले.

पण आबा मशीनपाशी यायला तयार होईनात. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक आपण खाल्लेला आहे, आता म्हातारपणी पुन्हा वायर हातात धरणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, नुसते केस आणा, केसांतही माणसाची फ्रिक्वेन्सी असते.

आता केस आणायचे कुठून? आबा दिवसभर टोपीत आणि रात्री मफलरीत. सासऱ्यांचं उघडं डोकं सुनेने बघू नये असा काही कायदा नाही, पण मी खोलीत पाऊल टाकलं की आबांचा हात आधी टोपीकडे जायचा आणि माझी नजर आधी जमिनीकडे. मग एकदा ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांचं अंथरूण धुंडाळलं. घोंगडीवर चार-पाच पांढरे केस मिळाले. चांगले कुरळे होते. (तरुणपणी आबा दिसायला बरे असतील, असंही मनात येऊन गेलं!)

रिपोर्ट रंगीत आला. ज्वारीपुढे लाल शिक्का, तुरीच्या डाळीपुढे लाल शिक्का आणि खाली ठळक हिरव्या अक्षरांत, ‘हिरवा पाला : अत्यंत अनुकूल.’

आमचे हे रेल्वेत आहेत. ते ड्यूटीवरून आले, रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, जरा विचार कर, आबांची भाकर तोडू नको. मी त्यांना फ्रिक्वेन्सीवर असं काही ऐकवलं की ते बूट न काढताच परत बाहेर गेले. मग मी भीत भीत आबांकडे गेले. वाटलं, भाकर बंद म्हटल्यावर हे आत्ताच पिशवी उचलणार. पण आबांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “मशीन म्हणायलंय ना? मग बंद.” इतक्या पटकन ऐकलं की माझे डोळे भरून आले.

मग काय विचारता! मेथी, शेपू, पालक, मुळ्याचा पाला, हरभऱ्याची भाजी. आबांच्या ताटात नुसतं हिरवं रान. ते मुकाट्याने चार घास खायचे आणि मारुतीच्या देवळात बसतो म्हणून निघायचे, ते दिवस कलल्यावर यायचे. आणि खरं सांगते, त्यांच्यात फरक पडायला लागला. चाल सुधारली, काठी दाराआड गेली, गालही वर आले. मी साऱ्या नातेवाइकांना फोन केले. मॅडमनाही केला. मॅडमना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी लगेच कार्यक्रम ठरवला: आबा स्टेजवर, मी माईकवर. मी मुद्दाम फोन करून आक्कांनाही बोलावलं. त्यांना दिसू दे म्हटलं, कोण माघारी येतंय ते.

कार्यालय गच्च भरलं होतं. मी वारंवारतेपासून सुरुवात करून आबांच्या गुडघ्यांपर्यंत आले. टाळ्या पडल्या. मॅडमना चेव आला. आता सर्वांसमोर बाबांचा नवीन केस घेऊ आणि सुधारलेली फ्रिक्वेन्सी पडद्यावर दाखवू, असं म्हणत त्या छोटी कात्री घेऊन आबांकडे वळल्या.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि हळूच टोपी काढली.

डोकं कसं, तर घासलेल्या तांब्यासारखं! एक केस म्हणून नाही.

“बाई,” आबा माईकमध्ये म्हणाले, “हितं लय वर्सांपासून काई उगवत न्हाई.”

मॅडमनी विचारलं, मग तुम्ही मला केस कुणाचे दिले होते? खोटं सुचेना. घोंगडीवरचे, असं मी म्हणाले. माईक चालूच होता. मागच्या रांगेतले एक म्हातारे अगदी समजुतीने म्हणाले, “मग ते मेंढराचे की. मेंढराला पाला मानवतोच.”

त्यानंतर जे हसणं उसळलं ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. माझ्या शिकवणीतली दोन मुलं खुर्चीवरून खाली घसरली होती. मॅडम मात्र खमक्या. त्या म्हणाल्या, ते काही असो, ज्वारी बंद केल्यावर गुडघे तर बरे झाले!

तेव्हा बायकांच्या रांगेतून आक्का उठल्या. मला वाचवायलाच उठल्या असाव्यात, पण बोलल्या ते असं: “ज्वारी कुठं बंद हाय? रोज दुपारच्या गाडीनं येऊन माझ्या हातच्या भाकरी खातेत की ते. रोज ठेसनाला चालणं होतंय, म्हणून पाय मोकळे झालेत.”

 म्हणजे इतके दिवस सारं चुडावा गाव बघत होतं, की पूर्णेची शिकलेली सून म्हाताऱ्याला भाकर देत नाही आणि ते बिचारं रेल्वेने पोट भरायला येतं! सासऱ्याला उपाशी ठेवणारी सून! आमच्याकडे बाईला याहून मोठी शिवी नाही. मी स्टेजवरून कशी उतरले, घरी कशी आले, काही आठवत नाही. ह्यांनी वाटेत फक्त एवढंच विचारलं, आबांचं टक्कल मी शाळेत असल्यापासूनचं आहे, मला एका शब्दाने विचारायचं तरी?

घरी येऊन मी डोळे पुसत ज्वारीच्या पिठाचा डबा काढला. आबा स्वयंपाकघराच्या दारात आले. मी मान वर न करता म्हणाले, “आबा, चुकले मी. आता रोज भाकर करते. पण चुडाव्याला राहायला जाऊ नका.”

“कुठं जायलोय मी?” आबा म्हणाले. “तुझ्यावानी जीव लावणारी सून सोडून? हितंच राहतो की.”

मला हुंदकाच आला. मी पीठ परातीत घेतलं. आबा जरा घुटमळले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “फकस्त तेवढं पीठ डब्यात टाक पोरी.”

“का?”

“मशीन बाकी खोटं बोललं आसंल. पण भाकरीचं खरं बोललं बघ. तुझी भाकर मला पहिल्या दिवसापासून चाबायलाच येत न्हवती. सुनेला तोंडावर सांगावं कसं? मशीननं सांगितलं, मी सुटलो.”

आबा आता कायमचे आमच्याकडे राहतात. रोज दुपारच्या पॅसेंजरने भाकर खायला चुडाव्याला जातात. कुणी विचारलंच तर मी सांगते, पथ्य आहे.