मंगळवार-शुक्रवारचा दवाखाना

रजिस्टरमध्ये पानामागून पान तेच. तारीख, खाली डॉक्टरांची सही आणि मध्ये ‘पेशंट – निरंक’. मंगळवार निरंक, शुक्रवार निरंक. सांगलीच्या त्या गल्लीतला दवाखाना वर्षभर असाच चालला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एचआयव्ही रोखण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं इव्हॅल्युएशन, म्हणजे काम खरंच झालंय की नुसतं कागदावर आहे ते बघणं, ही माझी नोकरी. सातारा आणि सांगली माझ्याकडे. हा दवाखाना धंदा करणाऱ्या बायकांसाठी होता. गुप्तरोग अंगावर काढला की एचआयव्हीची लागण लवकर होते, म्हणून आधी त्यावर उपचार करायचे.

आमच्या टीम लीडरनी रजिस्टर चाळलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. प्रतिसाद नाही, दवाखाना बंद करा. कारणाच्या रकान्यात ‘लाभार्थी उदासीन’ लिहा म्हणाले. त्यांना संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतायचं होतं.

मला पटेना. हा दवाखाना गेला की या बायकांना सरकारी इस्पितळाशिवाय सोय नव्हती. तिथे त्यांना रांगेतून बाजूला काढून शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचे. म्हणून त्या जायच्याच नाहीत.

मी शांताबाईंना गाठलं. त्या गल्लीतल्याच, निरोध वाटायचं आणि बायकांना समजावून सांगायचं काम प्रकल्पाने त्यांच्याकडे दिलं होतं. दारातच भेटल्या. कपाळभर भंडारा, हातात परडी, जोगवा मागायला निघालेल्या. दवाखान्यात कुणी का येत नाही, मी विचारलं.

“आवं बाई, आज मंगळवार हाय,” त्या म्हणाल्या. “मंगळवार, शुक्रवार यल्लम्माचा. आमाला उपास असतोय. त्या दिवशी गिऱ्हाइकाला अंगाला हात लावू देत न्हाई, मग डाक्टरला कसा लावू द्यायचा?”

मी कपाळाला हात लावला. गल्लीतल्या बहुतेक बायका देवीला सोडलेल्या. त्यांचे वार कोणते, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग वर्षभर गप्प का बसलात, मी जरा चिडूनच विचारलं.

“सांगितलं की. पयल्याच महिन्यात सांगितलं. परकल्पाचं सायब म्हनलं, वार निस्तं लिवायचं असत्यात, बदलायचं नसत्यात.”

तशीच डॉक्टरांकडे गेले. ते इस्लामपूरचे, स्वतःचा दवाखाना सांभाळून इथे येणारे. वार बदलता येईल का? सोमवारी तिकडे गर्दी असते, म्हणाले. गुरुवारी त्यांचा दत्ताचा उपास, शनिवारी मारुतीचा. त्या दिवशी या वस्तीत पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी कामावर येतानाच सांगितलं होतं आणि ते लगेच मान्यही झालं होतं.

“आणि बुधवारी?”

“बुधवारी येईन की,” ते म्हणाले. “मला कुणी विचारलंच नाही.”

माझं डोकं फिरलं. वर्षभर बुधवार मोकळा पडून होता आणि आम्ही दवाखान्याला टाळं लावायला निघालो होतो. टीम लीडर म्हणाले, आता फॉर्म भरून झालाय. मी म्हटलं, मग त्यावर माझी सही होणार नाही, आधी चार बुधवार द्या. बरीच कुरकुर करून त्यांनी ते दिले.

पहिल्याच बुधवारी बाकं पुरेनात. शांताबाई दारात उभ्या राहून एकेकीला आत सोडत होत्या. दुपारपर्यंत औषधं संपली. एका बाईचं दुखणं इतकं वाढलं होतं की तिला धड बसता येत नव्हतं. इतके दिवस काय करत होतीस म्हणून डॉक्टर तिच्यावर ओरडले. ती खाली मान घालून उभी राहिली. मला तिथे उभं राहणं जड झालं.

दवाखाना वाचला. तेव्हापासून मी कुठल्याही दवाखान्यात रजिस्टर मागण्याआधी तिथल्या बायकांना त्यांचे वार विचारते.

सहा महिन्यांनी छापील अहवाल हातात आला. बायकांच्या उपासाबद्दल त्यात लिहिलं होतं, ‘अंधश्रद्धेमुळे सुरुवातीला प्रतिसाद मिळाला नाही.’ डॉक्टरांच्या उपासाबद्दलही एक वाक्य होतं. ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सोयीनुसार वार निश्चित करण्यात आले.’