हजर असणाऱ्यांची सभा

पाण्याचा निर्णय आता गावातच होणार, असं सरपंच म्हणाला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. का वाजवू नयेत? पाथर्डीच्या तालुका कचेरीबाहेर टँकरसाठी उन्हात ताटकळलेली बाई मी. गावाबाहेरच्या वस्तीवर आईसोबत राहते, अंगणवाडी चालवते. आमची वस्ती ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला जातात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि नोकरीपायी मी.

सुरुवातीला चांगलं चाललं होतं, खोटं कशाला बोलू? अंगणवाडीचे पत्रे उडाले तर पूर्वी तालुक्याला खेटे घालण्यात पावसाळा निघून जायचा. ग्रामपंचायतीनं ते आठवड्याच्या आत बसवून दिले. सरपंच माझ्याच वर्गातला. तो आम्हाला टेम्पोतून हिवरे बाजारला घेऊन गेला. गावानं एकत्र बसून पाणी कसं राखलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. येताना टेम्पोत जो तो आपलंही गाव तसंच करायच्या गप्पा मारत होता. आईला तो म्हणाला, "मावशे, आता तुझ्या दारात नळ आनतो बघ." आईचे गुडघे गेलेत. शेजारच्या बागायतदाराच्या विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेत बसत बसत येते. त्या दिवसापासून ती दारातली नळाची जागा रोज झाडून ठेवायला लागली. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

पाइपलाइनची सभा लावली प्रजासत्ताक दिनाला, म्हणजे वस्ती कारखान्यावर असताना. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरली, तेव्हा माणसं आणखी कमी होती. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला ठरावीक माणसं लागतच नाहीत म्हणे. हा नियम ज्यानं केला, त्याला एकदा आमच्या वस्तीवर मुक्कामाला बोलवायचंय. अंघोळीसकट.

मी उभी राहिले. म्हटलं, "वस्तीची माणसं न्हाईत. पाडव्यानंतर ठरवू."

"बाई, गावाचा कारभार काय कारखान्याच्या हंगामावर चालतो व्हय?" सरपंच हसत म्हणाला. "आन् तुमी हाय की वस्तीच्या."

आधी गावातल्या गल्ल्या, वस्तीचं पुढं बघू, असं ठरलं. माझा विरोध लिहून घ्या म्हणून मी ओरडले. लिहिणाऱ्यानं मान हलवली आणि चहाचा कप उचलला. मग समजलं, ठराव एकमतानं मंजूर झाला होता. वस्तीतर्फे मी हजर होते, एवढं मात्र न विसरता लिहिलं होतं.

मी तडक पाथर्डीला गेले. साहेब गोड बोलले. "ताई, अधिकार आता गावाला दिलेत. आम्ही वरून ढवळाढवळ करणं बरोबर नाही." त्यांच्या आधीचा साहेब खडूस होता. तासन्‌तास बसवायचा, डाफरायचा, पण टँकर पाठवायचा. आम्ही कोणाचे, मत कुणाला दिलं, हे त्याला माहीतच नव्हतं. सरपंचाला सगळं माहीत होतं. टोळीचा मुकादम असलेला माझा चुलतभाऊ निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिला होता, हे तो कसा विसरेल? सरकार जवळ आलं म्हणून आम्ही हरखलो होतो. जवळच्या माणसाचा डूख लांबच्या साहेबाच्या आळसापेक्षा वाईट असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाडव्याला टोळ्या परतल्या, तेव्हा पाइप गावाच्या शेवटच्या घरापाशी संपले होते. चुलतभाऊ ते पाहून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "तू हुतीस ना सभेला?"

"होते. विरोध केला मी."

"मग एकमतानं कसं झालं?"

मी जीव तोडून सांगत राहिले. पत्रे फक्त अंगणवाडीचेच कसे बसले, असं कुणीतरी मागून विचारलं. सरपंचानं मला पत्र्यांवर फोडलं, असंच सगळ्यांनी धरलं.

गावाच्या नादी लागायचं नाही, असं ठरवून वस्तीनं आपली स्वतःची सभा घेतली. भरदुपारी, मी अंगणवाडीत खिचडी वाढत असताना. बागायतदार वीज असेतोवरच विहिरीवरची मोटर चालवू देतो, म्हणून त्यांनी घरोघरचे नंबर लावले. आमच्या घराचा नंबर शेवटचा. तिथवर पाळी येईतो वीज गेलेली असते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी भांडायला गेले. चुलतभावानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"समद्यांच्या मतानं ठरलंय," तो म्हणाला. "तू न्हवतीस, म्हनून काय थांबायचं?"

आई माझ्यामागून आली होती. हंडा घेऊन रांगेच्या शेवटी गेली आणि तो जमिनीवर ठेवून त्याच्याशेजारी बसली.