कांद्याची मान

काल गावी, डिंगोऱ्याला, कांदा साठवायच्या बराखीत आई आणि मी कांदा निवडत बसलो होतो. एकाची मान दाबली तर अंगठ्याखाली मऊ लागली, सडका वास आला, आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीचं हँगर आठवलं.

तिथं मी विमानांचे रेडिओ दुरुस्त करायचे. एका विमानाचा रेडिओ उडताना मधेच मुका व्हायचा आणि जमिनीवर आला की सुरळीत बोलायचा. दोनदा तपासून मी 'ठीक' असा शेरा मारला होता. तिसऱ्यांदा वैमानिक स्वतः आला. "काल उतरताना टॉवर ऐकूच येत नव्हता, मॅडम," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

मी मीटर बाजूला ठेवला. टॉवरचं बोलणं हेडफोनवर लावलं आणि रेडिओमागची एकेक वायर प्लगपाशी, कांद्याची मान दाबावी तशी अंगठ्यानं दाबत गेले. एका वायरला कानात खरखर झाली आणि आवाज गेला. वरून कोरी दिसणारी ती वायर आतून तुटली होती.

"कसं सापडलं?" साहेबांनी विचारलं. कांद्याचं सांगायची लाज वाटली. "मॅन्युअलमध्ये होतं," मी म्हणाले. आज त्या लाजेचंच हसू येतं.

काल आईला ते सगळं सांगून टाकलं.

"लई बेस केलंस," ती म्हणाली, आणि मी निवडलेली पाटी पुढ्यात ओढून पुन्हा एकेक कांदा दाबायला लागली. दोन सडके निघाले.