रस्त्याच्या मधोमध

पोहताना मला तंद्री लागते. तलाव असो की समुद्र, चार हात मारले की आपण कुठे आहोत, कशाला आलो आहोत याचा मला विसर पडतो. नवरा म्हणतो, हिला पाण्यात सोडली तर ही बुडायची नाही, पण परतही यायची नाही. अशा बाईला शर्यतीत उतरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तो माझ्या लेकीने केला.

मस्कतच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ट्रायथलॉन होते. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. एकट्याला झेपत नसेल तर तिघांत वाटून घेता येतं. लेक धावणार होती. पोहणारी तिची मैत्रीण ऐनवेळी क्लासच्या परीक्षेमुळे गळाली आणि माझी वर्णी लागली. सायकल चालवणार होते आमचे चाचा.

चाचा म्हणजे नात्याचे नव्हेत. ते मूळचे रत्नागिरीकडचे, मस्कतजवळच्या बरका गावात मासळीबाजाराजवळ त्यांचं किराणा दुकान. शुक्रवारी सकाळी आम्ही मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या घरून तिथे मासे आणायला जातो तेव्हा येताना त्यांच्याकडून कोकम आणि उकडे तांदूळ घेणं ठरलेलं. ऐन तारुण्यात ते इथे आले आणि सुरुवातीची वर्षं सायकलवरून घरोघर सामान पोचवलं. पुढे दुकान झालं, गाडी झाली, पण सकाळची सायकल सुटली नाही. आता व्हिसा संपत आला होता, दुकान पुतण्याच्या हाती गेलं होतं आणि ते कायमचे गावी निघाले होते. लेकीने त्यांना गमतीतच टीममध्ये बोलावलं होतं. ते एकदम गंभीर झाले.

"रस्ता बंद असतो काय तवा? गाड्या अजिबात नाय?"

"फुल्ली बंद, अंकल," लेक म्हणाली.

"मग येतो. इतकी वर्षं कडेनं चालवली. मागून ट्रक हॉर्न मारतो, आपण आणखी कडेला, चाक वाळूत. एकदा मधोमध चालवायचीय. मग खलास, जातो गावाला."

"गावी चालवा की मधोमध," मी चेष्टेने म्हटलं.

"गावाला रस्ता हाय कुठं, मधोमध असायला?"

आम्ही हसलो, पण त्या दिवसापासून ती शर्यत माझ्यापुरती चाचांची झाली. पोहणाऱ्याच्या घोट्याला वेळ मोजणारी एक पट्टी बांधतात. पोहून आलं की ती सायकलवाल्याने आपल्या पायाला बांधायची, त्याच्याकडून धावणाऱ्याने घ्यायची. पट्टीशिवाय पुढचा हलू शकत नाही. शिवाय ठरलेल्या वेळेनंतर सायकलींचं फाटक बंद होतं. मी पाण्यात तंद्रीत राहिले असते तर चाचा हेल्मेट घालून नुसतेच उभे राहिले असते. मला रात्ररात्र त्याचीच धास्ती होती.

त्या सकाळी समुद्र ताकासारखा पातळ आणि शांत होता. सूर्य नुकताच वर आला होता. शिट्टी वाजली, बाकीचे फेस उडवत निघून गेले आणि पाहता पाहता मी एकटी उरले. मान पाण्यात घातली की सगळं हिरवं, मान वळवली की सोनेरी. खाली वाळूवर उजेडाच्या रेघा हलत होत्या. माझी सावली माझ्याखालून सावकाश चालली होती आणि मला वाटलं, हीच खरी मी, वर पोहतेय ती कुणी भलतीच. लहान मासोळ्यांचा एक थवा एकदम वळला, मीही त्यांच्याबरोबर वळले. किती वेळ गेला कोण जाणे. डोकं वर काढलं तर पिवळा फुगा, ज्याला वळसा घालायचा होता तो, भलत्याच दिशेला दिसत होता आणि होडीतला एक ओमानी तरुण वल्ह्याने मला रस्ता दाखवत होता.

"मामा, दिस वे! यल्ला!" इथे मामा म्हणजे आई आणि यल्ला म्हणजे चल.

डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेले चाचा आले. मग मात्र मी मासे बघितले नाहीत. जीव खाऊन हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि धडपडत वाळूवर आले. सायकलींच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. शेवटी एकच सायकल उभी होती आणि तिच्याशेजारी चाचा.

सरावात ही पट्टी मीच वाकून काढत असे. आता पाण्याने सुरकुतलेल्या बोटांना ती उघडेना. ते पाहून चाचा पटकन माझ्या पायाशी वाकले आणि माझा पाय आपोआप मागे गेला. पांढऱ्या दाढीचा, वडिलांच्या वयाला आलेला माणूस आपल्या पायाला हात लावतोय! ते पुढे सरकले, मी आणखी मागे. "अहो चाचा, नको, तुम्ही नको," म्हणत मीही वाकले आणि त्यांचं हेल्मेट माझ्या कपाळावर आदळलं. फाटकाजवळचा माणूस घड्याळ बघत ओरडायला लागला.

"आई, व्हॉट आर यू डुइंग? पाय दे ना त्यांना!" लेक रडकुंडीला आली.

"गो बाय, नमस्कार नाय करत मी! पट्टा घेतोय! पाय दे!"

डोळे मिटून मी पाय पुढे केला. सगळं आयुष्य जे शिकले ते बाजूला ठेवायला मला तेवढाच वेळ मिळाला. चाचांनी पट्टी ओढली, आपल्या घोट्याला बांधली, सायकल घेऊन पळत सुटले आणि त्यांच्या मागे फाटक बंद झालं. मी वाळूवर बसले आणि हसत सुटले.

मग वाट पाहणं. कपाळाला टेंगूळ, केसांत मीठ, अंगावर कोवळं ऊन. समोर रिकामा रुंद रस्ता, लांबवर डोंगरांच्या फिकट रांगा. एकेक सायकल परत येत होती. चाचा सगळ्यांच्या मागे होते, म्हणजे अख्खा रस्ता त्यांचा एकट्याचा. मी डोळे मिटले की ते मला दिसत, मधल्या रेघेवरून दोन्ही हात सोडून, शर्ट वाऱ्याने फुगलेला. मला इतका आनंद झाला होता की उशीर केला तेच बरं केलं असं वाटू लागलं.

ते आले. लेकीने स्वतः वाकून त्यांच्या घोट्याची पट्टी काढली, "थँक्यू अंकल" म्हणाली आणि धावत गेली. चाचा माझ्याशेजारी सावलीत टेकले. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"मग? चालवली ना मधोमध?"

बाटली तोंडाकडे नेता नेता ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"नाय गो," ते म्हणाले. "कडेनंच गेलो."

"सगळा वेळ?"

"जाताना पण, येताना पण. पुढं कोण नाय, मागं कोण नाय. तरी कडेची पांढरी रेघ धरूनच गेलो. आता तू विचारलंस तवा ध्यानात आलं."

ते मोठ्याने हसले. मला हसू येईना. म्हटलं, "चाचा, अजून रस्ता बंद आहे. जा, एक फेरी मारून या." त्यांनी मान वळवली. कामगार रस्त्यावरचे नारिंगी शंकू उचलून टेम्पोत टाकत होते, आणि पलीकडच्या वळणावर गाड्यांची रांग सुटायची वाट बघत उभी होती.

"जाव दे," चाचा म्हणाले. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेल बराच वेळ खाली घेतला नाही.